एचआर म्हणजे नुसतं ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ नव्हे!

सातवी सेमिस्टर सुरू झाली की आमच्या होस्टेलचं वातावरण बदलतं. एरवी आंघोळीला दांडी मारणारी मंडळी दाढी-बिढी करून, शेजारच्या रूममधून टाय उसना आणून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायला लागतात. ॲप्टिट्यूडचं टेन्शन असतं, टेक्निकलचं तर विचारूच नका. एका राउंडचं मात्र कुणालाच काही वाटत नाही. "एचआर ना? ते काय, नुसत्या गप्पा! स्ट्रेंग्थ काय, वीकनेस काय. वीकनेस म्हणून ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट’ सांगायचं, झालं!" हे ज्ञान आम्हाला सीनियर्सकडून मिळालं, त्यांना त्यांच्या सीनियर्सकडून. जर्नलसारखंच, पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आलेलं.

मीही हेच म्हणायचो. उलट माझा या खात्यावर इतरांपेक्षा जरा जास्तच राग होता. पण थर्ड इयरनंतरच्या सुट्टीत चाकणजवळच्या एका कारखान्यात सहा आठवड्यांचं इनप्लांट ट्रेनिंग केलं, आणि त्यातला पहिला दीड आठवडा मशीनऐवजी एचआर डिपार्टमेंटच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेला. प्रेस शॉपचे साहेब रजेवर होते. या पोराला कुठे टाकायचं हे कुणाला सुचेना, म्हणून "तोपर्यंत मॅडमकडे बस" असं फर्मान निघालं. मॅडम म्हणजे तिथल्या वेल्फेअर ऑफिसर. त्या दीड आठवड्यात या लोकांचं काम काय असतं, त्यासाठी काय शिकावं लागतं आणि आपल्यासारख्या इंजिनिअरचा त्याच्याशी काय संबंध, हे थोडंफार कळलं. तेच इथे सांगतो.

राग कशाचा होता?

आधी माझ्या रागाची गोष्ट. माझे वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सतरा वर्षं मोल्डर होते. फौंड्री बंद पडली तेव्हा मी बारावीत होतो. हाताशी येणारी एकच मोठी रक्कम होती, ती म्हणजे पीएफ. माझी फर्स्ट इयरची फी त्यातूनच भरायची असं घरात ठरलेलं. अर्ज केला आणि तो परत आला. कारण काय, तर कारखान्याच्या रजिस्टरात वडिलांचं घरी हाक मारायचं नाव लागलं होतं आणि आधार कार्डावर शाळेच्या दाखल्यावरचं. जन्मतारीख तेवढी दोन्हीकडे सारखी, १ जून. (त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेने १ जूनलाच असतो!) नाव दुरुस्त करायच्या अर्जावर मालकाची सही हवी, आणि मालकाने तर गेटला कुलूप लावलेलं. वडील चौदा महिने हेलपाटे घालत होते. फी शेवटी पतसंस्थेचं कर्ज काढून भरली.

सतरा वर्षांपूर्वी कुणातरी क्लार्कने फॉर्म भरताना एक मिनिट वाचवलं. त्या एका मिनिटाचे आम्ही चौदा महिने भरले. तेव्हापासून ‘एचआर’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो न पाहिलेला क्लार्क यायचा.

चौसष्ट फॉर्म

एचआर हे एकच खातं असलं तरी आत बरेच कप्पे असतात. गेटजवळ टाइम ऑफिस असतं, तिथे हजेरी, ओव्हरटाइम, रजा आणि पगाराचा हिशोब चालतो. भरती बघणारे वेगळे, ट्रेनिंग बघणारे वेगळे. युनियनशी बोलणी आणि कोर्टकचेरीची कामं बघणारे ‘आयआर’वाले वेगळे. आयआर म्हणजे औद्योगिक संबंध. आणि कामगारांच्या सुखसोयी, आरोग्य, तक्रारी बघणारा तो वेल्फेअर ऑफिसर. छोट्या कारखान्यात ही सगळी टोपली एकाच माणसाच्या डोक्यावर असते. आपल्याकडे कॅम्पसला येतो तो या सगळ्यातला फक्त भरतीचा कप्पा. आपण त्यालाच अख्खं एचआर समजून बसतो.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यासमोर चौसष्ट फॉर्म ठेवले. नव्याने आलेल्या कंत्राटी हेल्परचे आणि ॲप्रेंटिस पोरांचे. "फॉर्मवरचं, आधारवरचं आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव जुळतंय का बघ. जुळलं की पेन्सिलीने टिक कर."

मला वाटलं, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला हे काम? पहिले दहा नीट पाहिले. मग वेग वाढला. तिसाव्या-चाळिसाव्या फॉर्मपर्यंत मी नुसताच टिका मारत सुटलो होतो. चहाच्या वेळी मॅडमनी गठ्ठ्यातला एक फॉर्म सहज उपसला आणि माझ्यापुढे धरला. फॉर्मवर आधी मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आधारवर मुलाच्या नावाला ‘कुमार’ जोडलेलं आणि वडिलांच्या नावातलं एक अक्षर गायब. खाली माझी पेन्सिलीची टिक.

मी म्हटलं, "मॅडम, पण माणूस तर तोच आहे ना!"

त्या म्हणाल्या, "ते तुला-मला माहीत आहे रे. कॉम्प्युटरला नाही. आणि तो पैसे मागायला येईल तेव्हा या टेबलावर तू नसशील, मीही नसेन. हा कागदच असेल."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझे कान गरम झाले. ज्या क्लार्कला मी तीन-चार वर्षं शिव्या घालत होतो, तो दुसरा-तिसरा कुणी नव्हता, मीच होतो. त्यालाही बहुतेक असाच गठ्ठा आला असेल, असाच कंटाळा आला असेल. मी चौसष्टच्या चौसष्ट फॉर्म पुन्हा पाहिले. सात चुका निघाल्या.

चौथ्या दिवसाचा मुलगा

पुढच्याच आठवड्यात एक अपघात झाला. शिअरिंग मशीनवर एका कंत्राटी मुलाच्या दोन बोटांना जबर इजा झाली. कामावर येऊन त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. मशीनचं गार्ड जागेवर नव्हतं. सगळीकडे आरडाओरडा, आणि मी भिंतीला टेकून थरथरत उभा.

मॅडम आल्या. पहिला प्रश्न, रक्त थांबलं का. दुसरा, गाडी कुठे आहे. तिसरा, घरी कुणी फोन केला. मुलगा गाडीत बसल्यावर मगच त्यांनी टाइम ऑफिसला विचारलं, "याचा ईएसआय नंबर निघालाय?" निघाला होता. तो ज्या दिवशी कामावर आला त्याच दिवशी.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना. जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले लोक तिच्यात येतात, आणि जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का कापतात व मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपणाचा भत्ता मिळायला काही दिवस वर्गणी भरलेली असावी लागते. पण कामावर झालेल्या अपघाताला तशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. उपचार तर होतातच, शिवाय कामावर येता येत नाही तोवर रोजच्या सरासरी मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. त्या मुलाच्या घरी तो एकटा कमावता होता, हे मला नंतर कळलं.

तो मुलगा माझ्या त्या सात फॉर्मांपैकी नव्हता. पण असता तर? नावाच्या घोळात त्याचा नंबर अडकला असता तर? हा विचार मला अजूनही कधीकधी रात्री येतो.

अपघातानंतरचं कामही याच खात्याचं. ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येता येणार नाही अशी इजा झाली, तर ती सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. आपल्या राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं. मग चौकशी, गार्ड का नव्हतं, कुणी काढलं, सुपरवायझर कुठे होता. इथे लक्षात घ्या, तो सुपरवायझर म्हणजे उद्याचे आपण!

हे पद आलं कुठून?

मी मॅडमना एकदा विचारलं, की मालक आपल्याच खिशातून पगार देऊन कामगारांसाठी अधिकारी का ठेवतो? त्या हसल्या. "प्रेमाने कमी, कायद्याने जास्त." मग मी घरी आल्यावर थोडं वाचलं.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार भरायचं काम जॉबर करायचा. बायकांच्या खात्यात नाईकीण असायची. नोकरी पाहिजे तर जॉबरचा हात ओला करा, टिकवायची तर पुन्हा करा, रजेवरून परत यायचंय तर पुन्हा करा. जॉबर बहुधा गाववाला असायचा, तोच खोली बघून द्यायचा, तोच उसने पैसे द्यायचा. त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायची सोय नव्हती. १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या प्रश्नांवर रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याने १९३१ च्या अहवालात सांगितलं, की भरतीचा अधिकार जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. म्हणजे ज्या खात्याला आपण ‘गप्पा मारणारे’ म्हणतो, त्याचा एक पूर्वज नोकरीतली लाच बंद करायला जन्माला आला!

काही मालक कायद्याची वाट बघत बसले नाहीत हेही खरं. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणि १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. पण सगळेच तसे नव्हते, म्हणून कायदा लागला. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४९ आलं, की ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर नेमलाच पाहिजे. २०२० मध्ये संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या संहिता मंजूर केल्या, त्यात हा आकडा २५० वर आणला. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या.

नावंही बदलत गेली. आधी ‘लेबर’, मग ‘पर्सोनेल’, मग ‘एचआर’. १९७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोने उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचा वेगळा विभाग काढला, तो आपल्या देशातला पहिला मानतात. हजेरी-पगाराच्या पलीकडे जाऊन माणसाला शिकवणं, वाढवणं, त्याला कामाबद्दल नीट सांगणं, हे या खात्याचं काम आहे असा विचार तिथून रुजत गेला.

दोन दगडांवर पाय

आता या कामातली खरी अडचण. पगार कंपनी देते आणि काम कामगाराचं करायचं! मग बाजू कुणाची घ्यायची?

हा प्रश्न जुनाच आहे. निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात म्हटलं, की वेल्फेअर ऑफिसरला व्यवस्थापनाच्या वतीने कामगारांशी भांडायला लावू नये. सकाळी ज्याच्या तोंडून "काय मामा, गुडघा कसा आहे?" ऐकायचं, दुपारी त्याच्याच हातून चार्जशीट घ्यायची, तर मामा उद्या त्याला आपलं दुखणं सांगेल का? म्हणून शिस्तीची प्रकरणं बघणारा माणूस वेगळा असावा.

आणि शिस्तीचं प्रकरण म्हणजे तरी काय? आपल्या होस्टेलचंच उदाहरण घ्या. रात्री रेड पडते, रूममध्ये हीटर सापडतो. हीटर रूम पार्टनरच्या पाहुण्याचा असतो, पण नोटीस बोर्डावर नाव आपलं, दंड आपल्याला. "सर, माझं ऐकून तरी घ्या" म्हणायची संधीच नाही. (रेक्टर सरांनी हे हलकेच घ्यावं, ही नम्र विनंती.)

कारखान्यात असं केलं तर ते कोर्टात टिकत नाही. आधी आरोपपत्र द्यायचं, त्यात काय केलं, कधी केलं हे स्पष्ट लिहायचं. उत्तर द्यायला मुदत द्यायची. उत्तर पटलं नाही तर चौकशी अधिकारी नेमायचा, आणि ज्याने तक्रार केली तोच न्यायाधीश होऊ शकत नाही. कामगाराला आपल्या बाजूने बोलायला सहकारी आणता येतो, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात. चौकशी होईपर्यंत निलंबित केलं असेल तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो. त्यानंतरही चौकशी लांबली आणि त्यात कामगाराचा दोष नसेल, तर तो ७५ टक्के होतो. हे सगळं न चुकता, न चिडता पार पाडणं हे एचआरचं काम. चोराला सोडायचं म्हणून नाही, तर साव सापडू नये म्हणून.

तसंच लैंगिक छळाच्या तक्रारींचं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या किंवा जास्त सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. हा कायदा कॉलेजलाही लागू आहे. समितीतल्या सदस्यांची नावं बोर्डावर लावलेली असतात, येता-जाता एकदा वाचून ठेवा.

शिकायचं काय?

आमच्या बॅचमधल्या एक-दोघांनी मला विचारलंय, की बी.ई. करून या लाइनला जाता येतं का? येतं. पण ‘मला माणसांत मिसळायला आवडतं’ एवढ्या भांडवलावर नाही.

कायद्याने ठरलेल्या वेल्फेअर ऑफिसरसाठी वेगवेगळ्या राज्यांनी नियम केले. त्यांचा गाभा असा, की पदवी हवी, तिच्यावर समाजकार्य किंवा कामगार कल्याण या विषयातली मान्यताप्राप्त संस्थेची पदवी वा पदविका हवी, आणि बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती नीट यायला हवी. ही तिसरी अट मला फार आवडली. इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणून आपल्यातले कितीजण घाबरतात! इथे मराठी येणं हीच पात्रता आहे.

शिकायच्या जागा म्हणाल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था सगळ्यांत जुन्यांपैकी. १९३६ मध्ये ती समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा म्हणून सुरू झाली. जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ ची. परळला राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे, तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव दिलेलं आहे. याशिवाय विद्यापीठांतून एम.एस.डब्ल्यू., एम.बी.ए. आणि कामगार कायद्यांच्या पदविका आहेत. पुण्याकडच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या नावापुढे एम.पी.एम. ही पदवी हमखास दिसते. कोर्स निवडताना मात्र एक बघा. वेल्फेअर ऑफिसर व्हायचं असेल तर नुसतं एम.बी.ए. असून भागेलच असं नाही, तो अभ्यासक्रम नियमात बसतो का हे प्रवेशाआधीच विचारा.

डिग्रीबाहेरचं बरंच काही लागतं. कायदा वाचता यायला हवा आणि मामांना तो साध्या भाषेत सांगता यायला हवा. एक्सेल यायला हवं, कारण पाचशे लोकांचा पगार चुकला तर पाचशे लोक दारात येतात. ऐकून घ्यायची सवय हवी. आणि तोंड बंद ठेवता यायला हवं. कुणाच्या घरात काय चाललंय, कुणाला कसलं औषध चालू आहे, कुणाचा पगार किती, हे सगळं पोटात ठेवावं लागतं. आपल्या मेसमध्ये एक बातमी दहा मिनिटांत चार मजले फिरते, त्यावरून ही पात्रता किती अवघड ते समजा!

आणि इंजिनिअरला एक फायदा असतो. तो शॉप फ्लोअर ओळखतो. सायकल टाइम म्हणजे काय, गार्ड काढलं की दहा सेकंद कसे वाचतात आणि बोटं कशी जातात, हे त्याला सांगावं लागत नाही.

आपल्या उपयोगाचं

एचआरमध्ये जायचं नसलं तरी प्रत्येकाने पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात करायच्या काही गोष्टी मॅडमनी मला सांगितल्या. त्या जशाच्या तशा देतो.

एक. नेमणूकपत्र घ्या आणि वाचा. नव्या संहितेप्रमाणे ते देणं बंधनकारक आहे. "नंतर देतो" चालत नाही.

दोन. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आधारशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. पीएफचा यूएएन नंबर एकच असतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालतो. दुसऱ्या कंपनीत नवीन काढू देऊ नका.

तीन. वारसाचं नाव लावा. बावीस-तेविसाव्या वर्षी हे अशुभ वाटतं. पण त्या वयातल्या मुलाचं काही झालं तर म्हातारे आई-वडील कुठे कुठे फिरणार?

चार. पगाराची स्लिप दर महिन्याला बघा. बहुतेक ठिकाणी पीएफसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराच्या १२ टक्के आपले आणि तेवढेच मालकाचे. मालकाच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. कापलेले पैसे खात्यावर जमा होतात का, हे पासबुक उघडून बघा.

पाच. ग्रॅच्युइटीचं गणित शिका. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा एखाद्याचा शेवटचा पगार, म्हणजे मूळ आणि महागाई भत्ता मिळून, १३,००० रुपये. भागिले २६ म्हणजे रोजचे ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. सतरा वर्षांचे १,२७,५०० रुपये. साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी लागते, ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेत एक वर्ष पुरतं.

मी विचारलं, "तीसने का नाही भागायचं?" मॅडम म्हणाल्या, "चार रविवार वजा कर." महिन्यातून आठवड्याच्या सुट्ट्या काढल्या की कामाचे दिवस उरतात २६. आणि हा रविवारही कुणी फुकट दिलेला नाही. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्याच लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सभा-अर्ज करून सुट्टीची मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या रविवारी मेसमध्ये फीस्ट खाताना आठवण ठेवा.

शेवटी

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी मॅडमचा निरोप घ्यायला गेलो. तो अपघात झालेला मुलगा तिथेच बाकावर बसला होता, हाताला बँडेज. एक बोट वाचलं होतं, दुसरं अर्धं गेलं होतं. मॅडम त्याच्याशी बोलत होत्या, की बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये हलकं काम मिळावं म्हणून साहेबांशी बोलणं चालू आहे, अजून होकार आलेला नाही. "मी मागे लागलेय, पण खोटी आशा लावत नाही," असं त्या त्याला स्पष्ट म्हणाल्या. तो मान हलवून "बरं मॅडम" म्हणाला. मला तेव्हा वाटलं, की एचआरमधला माणूस सगळ्यांना सगळं देऊ शकत नाही. पण कागद बरोबर ठेवू शकतो, वेळेवर धावू शकतो आणि खरं सांगू शकतो.

घरी गेल्यावर वडिलांना चौसष्ट फॉर्मांची गोष्ट सांगितली. मला वाटलं ते हसतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सात जणांचं काम झालं की रं. त्यांच्या पोरांची फी वेळेवर भरली जाईल."

तर मंडळी, येत्या सीझनला एचआर राउंडमध्ये ‘एनी क्वेश्चन्स?’ असं विचारतील तेव्हा ‘नो सर’ म्हणून उठू नका. विचारा, की तुमच्याकडे कंत्राटी कामगारांचा ईएसआय नंबर कितव्या दिवशी निघतो? समोरचा माणूस दचकला तरी हरकत नाही. तो उत्तर काय देतो आणि कसं देतो, त्यावरून आपल्यालाही कंपनीचा इंटरव्ह्यू घेता येतो!